वर्ग वाढला

"पाणी तरी घे गं," शेजारच्या जानकीने तांब्या पुढे केला.

"साहेब खाली उतरल्याशिवाय नाही," सुगंधा म्हणाली.

सरकारी कचेरीसमोरच्या फुटपाथवर सुगंधा पेडणेकर उपोषणाला बसली होती. मुलुंडच्या त्यांच्या वाचनालयाचं अनुदान इतकं तुटपुंजं, की नवी पुस्तकं सोडाच, जुन्यांची बांधणीही होत नसे. वाचनालय वरच्या वर्गात गेलं तरच अनुदान वाढणार होतं. नवरा गेल्यापासून ती तिथे झाडण्यापासून पुस्तकं देण्यापर्यंत सगळं करत होती. आज शेजारच्या बायकांना तिनेच गोळा करून आणलं होतं. वाचनालयाचे अध्यक्ष चंद्रप्रकाश सामंत घोषणा देत होते आणि बायका मागून ओरडत होत्या, "वर्ग वाढवा, अनुदान वाढवा!"

उन्हं कलताना सुगंधा बसल्या जागी कोसळली. पेपरात फोटो आला. मग हालचाल झाली, आणि वर्ग वाढल्याचा हुकूम निघाला.

पेढे वाटून झाल्यावर सामंतांनी तिला आत बोलावलं.

"सुगंधाताई, वरच्या वर्गाला शिकलेला ग्रंथपाल लागतो. नियमच आहे."

"मग मी शिकते ना. कोर्स असतो म्हणे."

"त्याला मॅट्रिक लागते. तुमची सातवी." सामंत हसले. "तुम्हीच मागितलात ना वरचा वर्ग?"

सुगंधा पदराचं टोक पिळत राहिली. "झाडायला तरी ठेवा."

"छे! उपोषणवाली बाई झाडू मारतेय म्हटल्यावर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

रविवारी तिचा सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला आणि माइकवरूनच सामंतांनी चाव्या मागितल्या. तिने कमरेचा जुडगा सोडून त्यांच्या हातात दिला. टाळ्या वाजल्या. जानकीनेही वाजवल्या. घरी जाताना ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. वाचनालयाचं तर भलं झालं ना!"

पुढच्या आठवड्यात सुगंधा वाचनालयात गेली. पेपर वाचायला पैसे पडत नसत. खिडकीजवळच्या बाकावर ती पेपर उघडून बसली. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती.

"ओ बाई," काउंटरवरून नवी मुलगी म्हणाली, "वाचत नसाल तर उठा. लोक ताटकळलेत."

मागे खरंच एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते ओशाळून म्हणाले, "असू दे, असू दे."

सुगंधाने सुटी झालेली पानं क्रमाने लावली, कडा जुळवून पेपर नीट दुमडला, त्यांच्या हातात दिला आणि बाकावरची जागा पदराने पुसून दिली.