सपाट वाळूचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ट्रे आहे आणि माझा एक कोपरा वाकडा आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुजबुज नको.

माझं तरुणपण एका बेकरीत गेलं. माझ्यावर एका वेळी अठ्ठेचाळीस बिस्किटं बसायची आणि आम्ही सगळे मिळून भट्टीत जायचो. ती बाहेर यायची तेव्हा लोक म्हणायचे, "वा, काय खमंग!" मीही त्याच भट्टीतून बाहेर यायचो, पण मला कधी कोणी खमंग म्हटलं नाही. असो. एकदा मी टेबलावरून पडलो आणि कोपरा वाकला. तेव्हापासून बिस्किटं घसरत घसरत त्या कोपऱ्यात जमायची आणि भाजून त्यांचं एकच बिस्किट व्हायचं, साधारण चपलेएवढं. बेकरीवाल्याने ती बिस्किटं नऊ दिवस मुकाट्याने स्वतः खाल्ली. दहाव्या दिवशी त्याने मला सुनेच्या हाती दिलं.

सून बालवाडीत बाई होती. मला वाटलं, चला, निवृत्ती मिळाली. पण बाईंनी माझ्यात दोन बोटं जाडीचा बारीक वाळूचा थर पसरला आणि एका लहान मुलीचं बोट धरून त्या वाळूत 'क' काढला. मित्रांनो, दोनशे अंशांची भट्टी मी हसत सोसली होती, पण त्या एका बोटाने मला गुदगुल्या झाल्या.

आम्ही असे सहा ट्रे होतो. बाईंचं म्हणणं होतं, अक्षर आधी बोटाला कळलं पाहिजे, पेन्सिल नंतर. म्हणून त्या वर्गात अक्षरं नुसती बघत नसत. पॉलिशपेपरची अक्षरं डोळे मिटून चाचपायची, फरशीवर खडूने काढलेल्या भल्या मोठ्या 'ग'वरून चालायचं, चिंचोके मांडून 'म' करायचा. एका मुलाने 'म'मधला एक चिंचोका गिळला. बाई दोन दिवस त्याला विचारत होत्या, "आला का रे?" तिसऱ्या दिवशी 'म' पूर्ण झाला.

या वर्गात एक मुलगी होती. चालताना तिचा आवाज होत नसे, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी नेहमी मलाच उचलायची. बाकीच्या मुलांना माझा वाकडा कोपरा आवडत नसे. तिला आवडायचा, कारण पुसताना जास्तीची वाळू तिथे ढकलता येई.

आता खरी गोष्ट या पुसण्याचीच आहे.

पहिल्याच दिवशी बालवाडीच्या मावशींनी सगळ्यांना बजावलं होतं, "काम झालं की वाळू सपाट करायची. खुणा ठेवायच्या नाहीत, कळलं?" मावशी झाडलोट करायच्या आणि वाळूशी त्यांचं जुनं वैर होतं. बाकीच्या मुलांनी मान डोलावली आणि लगेच विसरून गेली. मुंगी विसरली नाही. ती अक्षर काढायची, झकास काढायची, आणि बोट उचलल्याबरोबर तळहाताने सपाट करायची. बाईंना बावीस मुलांमधून फिरत तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. तोवर माझ्यावर इस्त्री केल्यासारखी वाळू.

"लिहिलंस का गं?" बाई विचारायच्या.

मुंगी मान हलवून हो म्हणायची.

"मग पुन्हा काढ बघू."

बाई अशा समोर उभ्या राहिल्या की मुंगीचं बोट गोठायचं. बाई उसासा टाकून पुढे जायच्या. बाई गेल्या की बोट सुटायचं. 'ख', 'घ', 'बस', 'मगर'. आणि फर्र! सपाट.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण ट्रे ओरडला की त्याला पत्रा वाजला म्हणतात, आणि पत्रा वाजला की मावशी म्हणायच्या, "कोणी आपटला गं तो?" शिवाय माझ्याकडे पुरावा काय होता? वाळूच्या ट्रेवर सगळं लिहिता येतं, पण त्याला काहीच साठवता येत नाही.

वर्ष संपत आलं. एका सोमवारी बाईंनी मुंगीच्या आजोबांना दारात थांबवलं. आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते रोज वीस मिनिटं उशिरा यायचे. दुकानातलं प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं, त्यातल्या कोणत्यावर विश्वास ठेवू, असं ते म्हणायचे.

"आजोबा, मला वाटतं ही अजून एक वर्ष लहान गटात राहू दे," बाई म्हणाल्या. "एकही अक्षर काढून दाखवत नाही. शुक्रवारी मोठ्या गटाची यादी ऑफिसात द्यायची आहे. घरी काही लिहिते का?"

"लिहिताना नाही बघितली बुवा," आजोबा म्हणाले. "पण पोरगी भारी नीटनेटकी! पाटी कधी बघा, कोरी करकरीत."

मुंगी आजोबांचा सदरा ओढत म्हणाली, "मी नाही राहणार लहान गटात. तिकडे नवीन मुलं येतात. ती चावतात."

हे अगदी खरं होतं. मुंगीला आतापर्यंत दोन वेळा चावून झालं होतं, एकदा डब्याच्या सुट्टीत आणि एकदा काही कारण नसताना. तिच्या सगळ्या मैत्रिणी मोठ्या गटात जाणार होत्या. ती एकटी मागे राहणार होती, तीही दातांच्या तावडीत.

मंगळवारी, बुधवारी बाईंनी तिला जवळ घेऊन बसवलं. बोट गोठलेलंच. बुधवारी संध्याकाळी बाईंनी यादी लिहिली. त्यात मुंगी नव्हती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मावशींनी फरशी पुसायला घेतली आणि आम्हा ट्रेंना हात धुवायच्या बेसिनखाली सरकवलं. मी सगळ्यात वर. त्या नळाचा वायसर गेला होता. मावशी तिथे फडकं बांधून ठेवायच्या, ते त्या दिवशी निसटलं. टप, टप, टप, सगळं माझ्यात. भट्टीत राहिलेल्या माणसाला, म्हणजे ट्रेला, पाण्याचं काय वाटत असेल याचा तुम्हीच विचार करा.

आजोबा नेहमीप्रमाणे अजून यायचे होते. मुंगीने मला ओढून बाहेर घेतलं, वर नळाकडे बघितलं आणि सावकाश दोन अक्षरं काढली: 'नळ'. तक्रार अगदी रीतसर, लेखी होती.

मग तिने तळहात फिरवला.

वाळू हलली नाही. ओली, घट्ट वाळू. मुंगीने जोर लावला, तर पाच बोटांचा ठसा उमटला आणि 'नळ' तसाच. एवढ्यात मावशी फडकं घेऊन आल्या आणि माझ्यात डोकावल्या.

"अगंबाई! कोणी काढलं हे? बाई, जरा या हो इकडे!"

मुंगी भोकाड पसरून म्हणाली, "मी पुसतेय! ते पुसलंच जात नाहीये!"

बाई आल्या. एकदा वाळूकडे बघितलं, एकदा मुंगीच्या ओल्या हाताकडे. मग त्या मुलांच्या वीतभर खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीला लागले तरी बसल्या.

"तू पुसतेस रोज?"

"खुणा ठेवायच्या नाहीत ना."

मावशींनी कपाळावर हात मारला. "माझंच तोंड ते! मी आपली केरासाठी बोलले होते गं बाई."

"मुंगे, मी खिडकीबाहेर बघते," बाई म्हणाल्या आणि खरंच पाठ फिरवून बसल्या. "तुला येतं ते सगळं काढ. पुसायचं मात्र नाही."

बाईंनी बराच वेळ खिडकी बघितली. खिडकीबाहेर फक्त भिंत होती, पण त्यांनी ती मन लावून बघितली. त्या वळल्या तेव्हा माझ्यावर 'घर', 'बस', 'मगर' होतं आणि जागा संपल्यामुळे वाकड्या कोपऱ्यात एक छोटा 'ख'.

तेवढ्यात आजोबा धापा टाकत आले. "उशीर झाला, माफ करा."

"छे, आणखी दहा मिनिटं चालली असती," बाई म्हणाल्या. त्या कपाटातून यादी काढत होत्या. यादीत शेवटी जागा नव्हती, म्हणून मुंगीचं नाव सगळ्यात वर लिहावं लागलं.

बाईंनी चार दिवस त्या वाळूला कोणाला हात लावू दिला नाही. परिणाम असा की मला बुडाशी गंज चढला. आता मावशी मला दर आठवड्याला तेल लावतात आणि बडबडतात, "याच्यामुळे शिकले मी बाई, पोरांशी बोलताना तोंड सांभाळायला." मुंगी मोठ्या गटात आहे. तिकडे वह्या असतात. ती इकडे येत नाही आणि ते बरोबरच आहे.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर ओली वाळू काढून उन्हात घाला, पत्रा पुसून ठेवा. वाळू खुशाल सपाट करा, नाहीतर पुढचं अक्षर कुठे मावणार? पण समोरचा ट्रे कोरा दिसला म्हणून कोणाला 'काहीच येत नाही' म्हणण्याआधी एक करा. त्या मुलाचा हात हातात घ्या आणि नखं बघा. नखांत वाळू असेल.