उजवा रकाना

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीत, आठ वर्षांच्या एका मुलीने मान हलवली. होकारार्थी. खोलीत तिच्याशिवाय एकच माणूस होतं.

त्या माणसाला तिथे सगळे ताई म्हणतात. शिपाई, वकील, पोरं आणि पोरांच्या आयासुद्धा. घरच्यांचा मार आणि छळ सोसलेल्या मुलांना साक्षीसाठी तयार करायचं, पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत त्यांच्या आणि घरच्यांच्या सोबत राहायचं, हे ताईचं काम. खटल्याबद्दल मुलाला काहीही विचारायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं आणि लगेच वहीत उतरवायचं. वहीत दोन रकाने. डावीकडे मुलाचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे आपले. उजवा रकाना कोरा राहिला तर आजचा पगार अंगी लागला समजा, असं ताई अकरा वर्षं या कामाला नव्याने लागणाऱ्या मुलींना बजावत आली होती.

मुलीला तिची मावशी बटण म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले होते. पट्टा मामाचा. तक्रार आईने केली, सख्ख्या भावाविरुद्ध, आणि त्या दिवसापासून एक बहीण सोडली तर माहेरचं दार तिला बंद झालं. आज साडेअकराला बटणची साक्ष होती. तोवर वेळ जावा म्हणून दोघी सापशिडी खेळत होत्या.

"ताई, तुला साप चावला. खाली ये."

"अगं, मी एक घर मागे आहे."

"चावला म्हणजे चावला. रडू नको, लहान आहेस का?"

ताई निमूट खाली आली. बटणने फासा उचलला, पण टाकला नाही.

"मामाने मारलं ना, तेव्हा घरात अजून कोणीतरी होतं."

जबाबात हे नव्हतं. जबाबात घरात दोघंच होती, आई कामावर. ताईने इथे गप्प बसायचं होतं. फार तर 'हं' म्हणायचं.

"कोण? आई?"

बटणने मान हलवली आणि फासा टाकला. चार पडले.

नुसतं 'कोण' एक वेळ खपलं असतं. 'आई' हा शब्द मात्र ताईचा होता, मुलीचा नव्हता. मोठ्यांनी शब्द पुढे केला की मुलं मान हलवतात. त्यांना बरं वाटावं म्हणून, विषय संपावा म्हणून, आणि कधीकधी ते खरंच असतं म्हणून. यातलं काय, हे आता कळायला मार्ग नव्हता. परत विचारलं तर आणखी गढूळ झालं असतं.

तिने वही उघडली. डावीकडचं वाक्य झरझर लिहून झालं. उजवीकडे 'कोण?' लिहिल्यावर पेन थांबलं. पुढचा शब्द लिहिला तर बटण आजच आईपासून दूर जाणार, आणि मामाच्या वकिलाला, पोरीला पढवलंय, असं ओरडायला मोकळं रान. नाही लिहिला, तर ती मान कुणाची, मुलीची की ताईची, हे कुणालाच कधी कळणार नाही.

तिने लिहिला.

सरकारी वकिलांनी वही दोनदा वाचली. "ताई, तुम्ही? अहो, आम्हाला तुम्ही शिकवता!"

"चूक माझी आहे. म्हणूनच लिहिलीय."

"आयतं कोलीत दिलंत हो त्यांच्या हातात."

"दिलं. पण साक्षीआधी दिलं. नंतर सापडलं असतं तर?"

वकील चष्मा पुसत आत गेले.

साडेअकराला कोर्टाचा आदेश झाला. साक्ष पुढे ढकलली. उद्या सकाळी अकराला, या प्रकरणाशी संबंध नसलेली एक बाई मुलीशी बोलेल. सगळं रेकॉर्ड होईल. तोवर मुलगी मावशीकडे. आईने भेटायचं नाही, फोनही नाही. ताईने या प्रकरणातून बाजूला व्हायचं.

बाहेर बाकावर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. मावशी बटणला मागच्या जिन्याने घेऊन गेली, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"काय म्हणाली ती?"

"ते मला सांगता येत नाही."

"माझी पोरगी काय म्हणाली ते मलाच सांगता येत नाही? भाऊ गेला, आई गेली, तुमच्या भरवशावर इथवर आले मी. आता पोरगीपण नेताय?"

ताई तिच्याशेजारी बसली. एका दिवसाचा प्रश्न आहे, असं म्हणायला हवं होतं. पण ते खरं आहे का, हे तिला माहीत नव्हतं.

"मी तेव्हा कामावरच होते," आई एकदम म्हणाली. "माझी हजेरी बघा हवी तर."

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मात्र आदेश ऐकल्यावर कुठल्याही आईच्या डोक्यात हेच आलं असतं, असंही ताईला वाटलं. तिने ते वाक्य उतरवलं, वेळ घातली आणि वही वकिलांकडे सोपवली.

दुपारी पोलीस आईच्या कारखान्यात जाऊन हजेरीपट घेऊन आले. बटणला मार बसला त्या दिवशी सकाळी आठ वाजता आईची आत येतानाची सही आहे. बाहेर जाताना तिथे कोणाचीच सही घेत नाहीत.