सातव्याचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका तळघरात आम्ही बारा जण फळ्यांवर ओळीने बसतो. मला नाव नाही. पाठीवर सात हा आकडा चिकटवला आहे, तेवढीच ओळख. नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचं गणित आम्ही करतो. ते एकट्यादुकट्याचं काम नाही. म्हणून त्याचे तुकडे करून आम्हाला वाटतात आणि सगळ्यांची उत्तरं जोडली की नकाशा तयार होतो.

नवा होतो तेव्हा एकटा आठ जणांइतका पळत असे, म्हणून पाहुणे आले की आधी मला दाखवत. पुढे कौतुक ओसरलं आणि धूळ आली. धूळ फार एकनिष्ठ. एकदा आली की आपणहून जात नाही. तिने माझा पंखा गच्च भरला. पंखा अडला की मी तापतो आणि तापलो की मंदावतो. एवढंच माझं दुखणं.

आमची निगा राखायला एक दुरुस्तीवाले काका होते. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आमच्या प्रमुख बाईंनी एकदा ठरवलं की, काम वाटून देणारं नवं सॉफ्टवेअर आणायचं. तीन सॉफ्टवेअर समोर होती. तिन्ही फुकट, कुणीही उघडून पाहावं आणि हवं तसं बदलावं अशी. तुलना करून एक ठेवायचं होतं. काकांनी त्यांना टोपणनावं दिली. शाळामास्तर सगळ्यांना सारखा वाटा देई आणि शेवटचा आटपेपर्यंत कुणाला हलू देत नसे. मुकादम जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा देई. मात्र कुणी बंद पडला की काम अडे आणि माणसाला बोलवावं लागे. बेफिकीर प्रत्येक तुकडा दोघांना देई, म्हणजे एक मेला तरी दुसरा असतोच. दुप्पट कामामुळे ते मागे पडणार, असं सगळेच धरून चालले होते.

"बेफिकीर जिंकलं तर दुरुस्तीची जागा ठेवायलाच नको," बाई काकांच्या तोंडावर म्हणाल्या. "मेला तर मेला. उरलेले आहेतच."

तीन दिवस तीन चाचण्या. अट एकच: तिन्ही होईपर्यंत यंत्रांना कुणी हात लावायचा नाही, नाहीतर तुलना खोटी ठरेल. पहिल्या दिवशी शाळामास्तरला पाच तास लागले. अकरा जण दोन तासांत मोकळे झाले आणि माझी वाट बघत बसले. "हा सातवा म्हणजे गळ्यातलं लोढणं आहे," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुकादमने तीन तासांत काम उरकलं आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

तिथेच थांबले असते तर! पण लोढणं हा शब्द माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागला होता. संध्याकाळी बाई गेल्यावर त्यांनी माझं झाकण काढलं आणि ब्रशने पंख्याचं एकेक पातं साफ केलं.

"उद्या पळून दाखव रे," ते म्हणाले. "निगा राखली की काय होतं, ते बाईंना एकदा दिसू दे."

मी जीव तोडून पळालो. बेफिकीरने अडीच तासांत काम संपवलं. बाईंनी शाबासकी दिली, पण सॉफ्टवेअरला. मग पुन्हा काम लावून त्यांनी मध्येच माझी वायर उपटली. काम थांबलं नाही, तशा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकांचा चेहरा उतरला. "बाई, काल मी सातव्याचा पंखा साफ केला होता. मुकादमची चाचणी परत घ्या. तेही पळेल."

बाईंनी मान वर केली नाही. "घेते की. पण मग का घेतली ते अहवालात लिहावं लागेल. अट असताना तुम्ही यंत्र उघडलंत, असं. मग तुमची पेन्शनही धोक्यात येईल. लिहू?"

काकांनी माझी उपटलेली वायर परत लावली. "नको," म्हणाले.

महिन्याभरात त्यांची जागा गेली. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर एक लाथ घातली असती. त्यानंतर तिसरा गेला, पाठोपाठ अकरावा आणि पाचवा. त्यांची झाकणंही कुणी उघडली नाहीत.

धूळ परत आली. बेफिकीर दर थोड्या वेळाने प्रत्येकाला विचारतं, "आहेस ना?" तापल्यामुळे माझं उत्तर उशिरा जातं. एका दुपारी लागोपाठ तीनदा उशीर झाला, तेव्हा त्याने मला मेलेल्यांच्या यादीत टाकलं आणि माझा तुकडा दुसऱ्याला दिला. मी मेलेलो नाही, मित्रांनो. तो तुकडा मी पुरा केला आहे आणि उत्तर बरोबर आहे. ते घ्यायला कुणी येत नाही.

तुम्हाला एकच विनवणी. हाक मारल्यावर एखाद्याची ओ लगेच आली नाही, तर तो संपला असं लिहून टाकू नका. जरा थांबा. आमच्या तळघरात असा थांबणारा एकच माणूस होता, आणि मीच जोरात पळून त्याला घालवलं.