कुस्करलेली भाकर

आर्वीपासून पाच-सहा मैलांवरच्या गावात मंदा सून होऊन आली तेव्हा तिच्याजवळ बी.ए.ची पदवी होती, पण बोलायला माणूस नव्हतं. सासरे रूपराव यांच्याशी तर सुनेनं बोलायचंच नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट ठेवायचं, मागं सरायचं. बेबी झाल्यावर मात्र वाट सापडली. दोन महिन्यांच्या पोरीला मांडीवर घेऊन मंदा म्हणायची, "बेबी, आबाजीले सांग, ताट वाढलं." ओसरीतून रूपरावांचं उत्तर यायचं, "बेबी, तुह्या मायले सांग, आलोच."

"पोरगी बोलाच्या आधीच तारघर झाली, बाई!" सासू जयवंताबाई हसायच्या.

रूपरावांची छातीतली जळजळ वीस-बावीस वर्षांची जुनी. जेवून आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं. मग उठायचं, चिमूटभर खायचा सोडा पाण्यात ढवळून प्यायचा, एक लांब ढेकर दिला की झालं. वरून तंबाखूची चिमूट.

मंदाला ही जळजळ ओळखीची होती. बेबीच्या वेळी सातव्या महिन्यापासून तिचीही छाती पेटायची. आर्वीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. अन्ननळी पोटाला मिळते तिथं एक दार असतं. ते सैल पडलं की पोटातलं आम्ल वर चढतं. पोटाला ते सोसतं, नळीला सोसत नाही. थोडं थोडं खा, जेवल्यावर दोन तास आडव्या होऊ नका, खाटेचे उशाकडचे पाय विटांवर ठेवा. बाळंतपणानंतर मंदाची जळजळ गेली आणि विटा रिकाम्या झाल्या.

त्याच विटा तिनं सासऱ्यांच्या खाटेखाली सरकवल्या. "बेबी, आबाजीले सांग, उशी उंच असली की पाणी वर येत नाई. अन् तंबाखू सोडा म्हणा."

"बेबी, तुह्या मायले सांग, विटा राहू दे. तंबाखूचं मंग पाहू."

दोन-तीन महिन्यांत सोड्याची डबी उघडायचंच थांबलं. रूपराव पारावर सांगू लागले, "आमची सून डॉक्टरापेक्षा कमी नाई." ते कानावर आलं तेव्हा मंदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेव्हापासून तिची नजर त्यांच्या ताटावर राहू लागली. आधी ताटात भाकरीच्या कडा उरायला लागल्या. दाढा दुखत असतील, असं समजून ती भाकर पातळ थापू लागली. मग प्रत्येक घासावर पाण्याचा घोट दिसू लागला, तेव्हा ती भाकर दुधात कुस्करून देऊ लागली. बेबीसाठी मऊ भात शिजतच होता, त्यात मूठभर तांदूळ वाढवले. एकाच पातेल्यात दोघांचं व्हायचं.

"आजा अन् नात, दोघंही बोळके," जयवंताबाई थट्टा करायच्या.

पुढं बेबीला दात आले, ती भाकरीचा तुकडा चघळू लागली. सासरे पेजेवर आले. मंदाला हे दिसत होतं. दिसत होतं आणि ती वरण आणखी पातळ करत होती. विचारायचं तरी काय? जळजळ तर गेली होती.

पोळ्याच्या दिवशी रूपरावांनी सणासुदीला नाही कसं म्हणायचं म्हणून पुरणपोळीचा तुकडा खाल्ला आणि लगेच उठले. बैलांसाठी पोळ्या घेऊन मंदा गोठ्याकडं गेली तर ते भिंतीला हात टेकून उभे होते. पुरण जसंच्या तसं मातीत पडलं होतं. आंबट वाससुद्धा नव्हता. ते पोटापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी पायानं त्यावर माती लोटली, वर पाहिलं. मंदानं पदर पुढं ओढला. बेबी घरात होती, त्यामुळे कोणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. "मामाजींना सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या."

"काऊन? जेवून तं राह्यले बाबा," चंद्रभान म्हणाला.

"त्यांचा सदरा पाहा ना. खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो."

फवारणी आटोपून आठ दिवसांनी ते निघाले. बेबीला कडेवर घेऊन मंदाही हट्टानं गेली.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते. "बाबा, घास अडकतो का?"

"नाई जी. काहीच अडकत नाई," रूपराव म्हणाले. "आंधी आग होये, आता तेही नाई."

"जेवते चांगलं," चंद्रभाननं जोड दिली.

डॉक्टर लिहू लागले. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पेज कशाला अडकते?

"बेबी, डॉक्टरांना सांग..." सवयीनं मंदाच्या तोंडून निघून गेलं. सगळे बेबीकडं पाहायला लागले. बेबी भाकरीचा तुकडा चोखत होती. मंदानं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"डॉक्टर, यांनी पाच महिन्यांत कोरडी भाकर खाल्लेली नाही. मी दिलीच नाही. आधी कुस्करून दिली, मग भात, आता नुसती पेज. पोळ्याला घट्ट घास खाल्ला तो तसाच परत आला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून फोटो काढला. त्यात ती पांढरी धार छातीखाली येऊन सुतासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी नळी घालून आतला तुकडा काढला, पोटाची सोनोग्राफी केली. तपासणीचा कागद यायला दहा दिवस लागले. त्या दिवशी डॉक्टरांनी चंद्रभान आणि मंदाला बाजूला बोलावलं. कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला.

"वर्षानुवर्षांची जळजळ, त्यात तंबाखू," ते म्हणाले. "जळजळ थांबली म्हणजे आतलं बरं झालं असं नसतं. अशा माणसाचा घास अडकायला लागला की त्याच आठवड्यात आणायचं. चार-पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशनचं बोलता तरी आलं असतं. आता अन्न खाली जावं म्हणून नळी बसवू. द्यायचं ते पातळच द्या."

चंद्रभान नळी बसवायची तारीख घ्यायला गेला. रूपराव बाहेर बाकावर बसले होते. मंदा बेबीला घेऊन दुसऱ्या टोकाला बसली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडं त्यांनी एकदाच पाहिलं.

"मंदा," ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. "तू भाकर पातळ केली. मंग दुधात देल्ली. मंग पेज केली. मले घास अडके. पण मी म्हनो, पोरीले दिसून राह्यलं. शिकेल पोरगी हाये. वाईट असतं तं बोलली असती."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मामाजी, मले वाटलं, तुम्ही सांगाल."

"कोनाले?" ते जरासे हसले. "बेबीले?"

नाव ऐकून बेबीनं हातातला ओला तुकडा त्यांच्यापुढं धरला. रूपरावांनी तो घेतला, बोटांत फिरवून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"बस किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.

"साडेचारला, मामाजी," मंदा म्हणाली.