फळ्यावरचं वाक्य

भाऊराव मास्तर निवृत्त झाले, पण हातातला खडू काही सुटला नाही. धाड गावात एसटी स्टँडासमोरच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी सात वाजता ते एक इंग्रजी शब्द लिहितात, खाली मराठीत अर्थ आणि त्याखाली वाक्यात उपयोग. वाक्यात वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, हे त्यांनी पस्तीस वर्षं वर्गात सांगितलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे कान अजून त्याची साक्ष देतील.

आधी फळ्यावर शिस्त, चिकाटी, कर्तव्य असल्या अर्थांचे भारदस्त शब्द असायचे. गेल्या तीन वर्षांत मात्र फळ्याला पालवी फुटली. रिझ, ब्रेन रॉट, सोशल बॅटरी असं काहीबाही येऊ लागलं. जीपची वाट पाहणारी पोरं थांबून वाचू लागली. शेजारचा कचरू चहावाला तर गिऱ्हाइकांना सांगायचा की आपल्या चहात रिझ आहे, म्हणजे माणूस आपोआप ओढला येतो. मास्तर म्हातारपणी मॉडर्न झाले, असं गावाचं मत पडलं.

मास्तरांना यातला एकही शब्द येत नव्हता. हे शब्द बंगळूरहून यायचे. त्यांची एकुलती एक लेक धम्मशीला ही ते पाठवायची.

घराण्यात इंग्रजीत पास झालेला पहिला माणूस भाऊराव, दुसरी धम्मशीला. तिला देऊळगाव राजाच्या शाळेत पक्की नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. दोन वर्षांत तिनं ती नोकरी सोडली आणि मोबाइलवरच्या जाहिराती लिहायला बंगळूर गाठलं. शाळा सोडलीस तर घरही सोडलंस असं समज, असं मास्तर बोलून गेले. नुसते बोलले नाहीत, तसे वागलेही. तिचा फोन आला की उचलायचे नाहीत. सिंधूताईंशी, म्हणजे बायकोशी ती बोलत असली की पेपर तोंडासमोर धरायचे आणि एक अक्षर न वाचता सगळं ऐकायचे.

अकरा महिन्यांनी त्यांच्या मोबाइलवर तिचा एक शब्द आला, सोबत अर्थ. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘वाक्य?’ लगेच वाक्य आलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे एवढंच.

पण त्या वाक्यांतूनच मास्तरांना लेक दिसायची. सोशल बॅटरी म्हणजे माणसांत वावरायची ताकद. वाक्य होतं की शुक्रवारी माझी बॅटरी संपते, मग सोमवारपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. डेलुलू म्हणजे खोट्या आशेवर जगणारा. वाक्य होतं, ‘दर चौदा एप्रिलला गावी यायला बॅग भरून ठेवणारी मी डेलुलू आहे.’ मास्तरांनी ते किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. त्यांना लेक हवी होती, फार हवी होती, पण ये म्हणायला तोंड उघडेना. उत्तर काय पाठवलं, तर ‘वाक्यरचना अचूक.’

गेल्या महिन्यात एका बुधवारी शब्द आला घोस्टिंग. अर्थ होता, कारण न सांगता एखाद्याशी बोलणं तोडणं, फोन न उचलणं. आणि वाक्य होतं, ‘माझ्या वडिलांनी मला अकरा महिने घोस्ट केलं.’

मास्तरांनी सवयीनं आधी व्याकरणाची चूक शोधली. एकही नव्हती. मग घरात फेऱ्या सुरू झाल्या. ‘वडिलांनी’च्या जागी ‘मैत्रिणीनं’ घातलं तर गावाला काय कळणार आहे, असं ते सिंधूताईंना विचारू लागले.

सिंधूताईंनी परातीतल्या पिठातून हात काढला. “तिनं सोसलं. तुमाले लिवनंबी होत नाही काय?”

मास्तर फळ्यापाशी गेले. वाक्य जसंच्या तसं लिहिलं. कचरू चहाचा ग्लास घेऊन आला, अर्थ वाचला, मग इंग्रजीतलं वाक्य कुणीतरी त्याला समजावून दिलं.

“मास्तर, असा कोन बाप हाय?” त्यानं विचारलं.

“मीच हाव. म्याच केलं हे.”

स्टँडावरची चार माणसं उगाच रस्त्याकडे पाहू लागली. मास्तरांनी वाक्याखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, फोटो काढून पाठवला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

गुरुवारी त्यांनी फळा पुसला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. येणारे-जाणारे वाचायचे, कुणी हसायचं, कुणी नजर चुकवायचं. मास्तर सातला येऊन फळ्याखाली बसायचे. नवा शब्द कधी, असं कचरूनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “हाच अजून पाठ झाला नाही मले.”

रविवारी साडेसातला मोबाइल वाजला. यावेळी इंग्रजी शब्द नव्हता, अर्थ नव्हता.

‘बाबा, पुसा आता.’

मास्तरांनी उत्तरात ‘अचूक’ लिहिलं आणि खोडलं. मग सरळ फोन लावला. तिनं उचलला. मास्तरांनी विचारलं.

“कवा येशील, माय?”