कोऱ्या तोंडाची आई

१९५८ साली तलासरीजवळच्या एका पाड्यावर मी बायकांना दुपारी अक्षरं शिकवायचे. डहाणूच्या मासळीबाजारात वाढलेली मी, माझ्या जिभेला हाड नव्हतं. बायका मला वचकूनच असायच्या.

डहाणू रोडला रद्दीत मला एक जुनं सचित्र पुस्तक मिळालं होतं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची गोष्ट, गुलामी वाईट हे सांगायलाच कुणा भल्या माणसानं लिहिलेली. मालक आईपासून लेक तोडून विकतो, इथवर वाचलं आणि बायका डोळे पुसू लागल्या. मग मी त्या आईचं चित्र दाखवलं. बटबटीत डोळे, सुजल्यासारखे ओठ, सगळे दात बाहेर. रडणाऱ्या त्याच बायका हसल्या. मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

रूपी तेवढी हसली नाही. तिचे आईबाप लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून भात घेतलं की नवराबायको दोघं त्याच्या वेठीला, अशी तेव्हाची रीत. सावकारानं तिच्या आईला, भिकीला, लांबच्या वाडीवर धाडलं तेव्हा रूपी तीन वर्षांची होती. आई परत आली नाही. रूपीला तिची पाठ आठवायची, तोंड काही केल्या आठवायचं नाही.

तिनं पुस्तक घरी मागून नेलं. दुसऱ्या दिवशी आणलं, तर त्या बाईच्या तोंडावर तांदळाच्या पिठाचा पांढरा गोल. लग्नात चौक लिहिताना वारली बायका भिंतीवर माणसं काढतात, त्यांना नाकडोळे नसतात, तसा. माझा पारा चढला. पुस्तक म्हणजे काय तुझ्या घराची भिंत आहे का, असं बरंच सुनावलं.

रूपी म्हणाली, “बाई, पोर हिसकून नेतात नि ही दात काढते? काढणाऱ्यानं आई बघितलीच नाय.”

“तू तरी कुठं बघितलीस?” मी बोलून गेले आणि जीभ चावली.

“नाय ना. म्हणून कोरं ठेवलं.”

मग तिनं माझ्याकडून ‘भ’ काढायला शिकून घेतला आणि चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलं, भिकी.

“आता परत वाचा, बाई. पोर नेतात तिथवर नका जाऊ.”

मी पहिल्या पानापासून वाचू लागले. ते पान जवळ आलं की रूपी पुस्तकावर हात ठेवायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.