समोरची गाडी

काचेपुढे टांगलेलं लिंबू वाळून सुपारीएवढं झालं होतं, आणि बस उभी असूनही ते हलत होतं. पुढे-मागे नाही, डावीकडून उजवीकडे, जेमतेम बोटभर. चालू इंजिनामुळे जुना सांगाडा संथ डुलत होता आणि त्या डुलण्याशी दोऱ्याची लांबी नेमकी जुळली होती. दोरा जरा आखूड केला तर हे थांबेल, भानुमतीच्या मनात आलं. पण लिंबू जगन्नाथ ड्रायव्हरचं होतं, दोराही त्याचाच.

समोरची बस यायची होती. ती आल्याशिवाय ही हलणार नव्हती.

या थांब्याला लूप म्हणतात. इथे सायकलचं दुकान आहे, पानाची टपरी आहे, पाणी न येणारा हातपंप आहे आणि दोन ट्रक सहज शेजारून जातील एवढा रुंद डांबरी रस्ता आहे. लूप मात्र कुठे नाही. तरी स्टेशनकडून बिजौलीला जाणारी बस इथे येऊन उभी राहते, बिजौलीकडून येणारी समोर येऊन थांबते, दोन्ही ड्रायव्हर हात वर करतात – राम-राम – आणि मग दोघे निघतात. बसमधल्या कुणालाही यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. बायका इथे पदर सारखा करतात, कारखान्यातली माणसं उतरून विडी पेटवतात.

का थांबायचं ते या बसमध्ये एकट्या तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून तीही रोज थांबत होती...

लहानपणी वडिलांचं, अण्णांचं, बोट धरून ती इथूनच शाळेत जायची, ट्रामने. लाकडी बाकं, उभ्याने गाडी हाकणारा ड्रायव्हर, पायाने वाजवायची घंटा. रूळ एकच. फक्त इथे त्याला फाटा फुटायचा आणि थोडं पुढे जाऊन तो पुन्हा मिळायचा – सुईच्या नेढ्यासारखा. तोच लूप. एका ट्रामने नेढ्यात उभं राहायचं, दुसरीने शेजारून निघून जायचं. अण्णा रेल्वेत सिग्नलच्या कामावर. भुसावळहून बदली होऊन इकडे हिंदी मुलखात आलेले. त्यांनी तिला तेव्हाच समजावलं होतं, “समोरची आल्याशिवाय आपण निघायचं नाही, भानू. निघालो तर मधेच गाठ पडेल, आणि मग दोघांनाही जागा नाही.” तिला ते फार आवडलं होतं. नियम, आणि नियमाला कारण.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ट्राम बंद पडली. रूळ उखडले, रस्ता रुंद केला, त्याच वाटेवर बस आली. वेळापत्रक ट्रामचंच राहिलं, ड्रायव्हरही बरेचसे ट्रामचेच. त्यांनी नव्यांना शिकवलं, नव्यांनी आणखी नव्यांना. पुढे बिजौलीत कारखाने निघाले, बस तिथवर जाऊ लागली, गाड्या बदलल्या, तिकिटांचा रंग बदलला. थांबणं तेवढं राहिलं.

समोरची आली. जगन्नाथने हात वर केला. लिंबू एकदम मागे गेलं आणि बस निघाली.

आज संध्याकाळपर्यंत दुर्गाजींना उत्तर द्यायचं होतं. दुर्गाजी घरमालकीण. त्यांना घर विकायचं आहे, आणि इतकी वर्षं भाड्याने राहिलेल्यांना आधी विचारावं म्हणून दिवाळीपासून त्या ‘तुम्ही घेता का’ असं विचारत आहेत. सकाळी जिन्याशीच अडवून म्हणाल्या, “आज शाम तक बता दो, बिटिया. मोठ कस्बे से एक पार्टी आ रही है. तुम्हारे पिताजी से पूछो तो कहते हैं भानू से पूछूँगा. तुमसे पूछो तो कहती हो अण्णा से पूछूँगी. मैं किससे पूछूँ, हनुमानजी से?”

ती हसली होती. हसण्यासारखंच होतं ते.

विश्वंभर, तिचा धाकटा भाऊ, दिवाळीत पुण्याहून आला तेव्हा सगळं ठरवूनच आला होता. पुण्यात त्याचा मोठा फ्लॅट झालाय, अण्णांना गॅलरीची खोली, ताईला आतली. एप्रिलमध्ये सामान हलवायचं. सामान! सामान होतं कुठे? आयुष्यभर या घराने हलवता येईल तेवढंच घेतलं. ट्रंकांवर पांढऱ्या रंगात ‘सातारा’ लिहिलेलं, ते पुसट झालं की अण्णा पुन्हा गिरवायचे. भिंतीला खिळा मारायचा नाही – परत जायचंय. कॅलेंडर खिडकीच्या गजाला. आईने लाकडी कपाट मागितलं तेव्हा, “न्यायला जड.” आईची तुळस डालड्याच्या डब्यात होती, कारण डबा उचलता येतो. आई गेली त्यालाही आता किती वर्षं झाली... डबा गंजला की अण्णा दुसरा डबा आणतात. आधी म्हणायचे, निवृत्त झालो की जाऊ. मग, भानूची एम.एस्सी. होऊ दे. मग, भानूची नोकरी मार्गी लागू दे. म्हणजे अण्णा माझ्यासाठी थांबले. आणि मी? मी अण्णांसाठी. त्यांना जायचं असणार, जन्मभर त्यांनी तेच म्हटलं, मग त्यांनी ‘चला’ म्हटल्यावर मी ‘नाही’ कशी म्हणू. म्हणून त्यांनी म्हणायची वाट पाहत...

कारखान्यात तिची खोली मागच्या बाजूला होती. ट्रान्स्फॉर्मरचं तेल इथे तपासलं जाई. ही खोली तिने उभी केली होती: टेबल कुठे, पडदा कुठे, कुठल्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. तिची सही झाल्याशिवाय पिंप बाहेर जात नसे, आणि मालकांनी एकदा घाई केली तेव्हा तिने आवाज न चढवता सांगितलं होतं, “आप चाहें तो भेज दीजिए, सही मेरी नहीं होगी.” पिंप गेलं नव्हतं.

चाचणी साधी. भांड्यात समोरासमोर दोन पितळी गोळे, मधे बारीकशी फट. तेल ओतायचं आणि थांबायचं, आत अडकलेले बुडबुडे वर येऊन जाईपर्यंत. मग विजेचा दाब चढवत न्यायचा, एकसारखा, न बिचकता. तेल सहन करतं, करतं, आणि एका आकड्याला फटीतून ठिणगी पडते. तो आकडा म्हणजे उत्तर.

आज तेल ओतून ती थांबली. बुडबुडे गेले, पृष्ठभाग आरशासारखा झाला, त्यात खिडकी दिसू लागली – आणि तिचा हात बटणाकडे गेला नाही. ती पाहत राहिली. नितळ तेल छान दिसतं. कितीही वेळ पाहावं. पण थांबणं ही तयारी आहे, चाचणी नव्हे. थांबून थांबून तेलाबद्दल काहीही कळत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला किती सहज सांगितलं असतं. तिने दाब चढवला. ठिणगी पडली. आकडा चांगला होता.

संध्याकाळच्या बसवर जगन्नाथ नव्हता. मुलीचं लग्न म्हणून दुपारपासून रजेवर. गाडी तीच, लिंबूही तेच. त्याच्या जागी गरौठ्याकडचा एक तरुण ड्रायव्हर, गळ्यात लाल रुमाल. लूप आला. बस थांबली नाही.

काही झालं नाही. हेच तिला इतकं विलक्षण वाटलं... पानाची टपरी मागे गेली, हातपंप मागे गेला, आणि बसमधली सगळी माणसं एकदम वर बघू लागली, पायरी चुकल्यासारखी.

“काए भैया, लूप पे नईं रोकी?” भाजीची टोपली घेऊन बसलेली म्हातारी ओरडली.

“कौन सी लूप, अम्मा? सड़क तो खाली पड़ी है.”

“अरे, सामने वाली से राम-राम होती है यहाँ,” कंडक्टर म्हणाला.

“राम-राम चलती गाड़ी से नहीं होती? मेरे यहाँ तो होती है.”

लोक हसले. कंडक्टर हसला नाही. तो मागे वळला. “बहनजी पढ़ी-लिखी हैं, रोज की सवारी हैं. बहनजी, आप बताइए इसको.”

“पहले यहाँ ट्राम चलती थी, भैया,” तिने सांगितलं. “पटरी एक ही थी. सामने वाली यहीं निकल सकती थी, इसलिए रुकते थे.”

आरशात ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्यात. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. “पटरी कहाँ है, बहनजी?”

“अब नहीं है.”

“तो फिर?”

 इतक्या वर्षांत तिने कारण जपलं होतं, हा प्रश्न विचारला नव्हता. आणि तेवढ्यात समोरून दुसरी बस आली, दिवे लावून, चांगल्या वेगात. भानुमतीने नकळत पुढचा बार घट्ट धरला. लाल रुमालवाल्याने हात वर केला, तिकडूनही हात वर झाला, आणि दोन्ही बस एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या. मधे चांगली हातभर जागा उरली होती.

दोघांनाही जागा होती. तिने बार सोडला. अण्णांना जायचं असेल तर अण्णांनी जावं. गॅलरीत बसावं, सकाळी मराठी पेपर वाचावा, ते त्यांचंच आहे. पुण्यात मामेबहिणींच्या शेजारणींनी मला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या? इथेही विचारतात, आप लोग कहाँ के हैं? प्रश्न तोच, पण इथे मी उत्तराला अडखळत नाही. आणि अण्णांना जायचं नसेल तर... नसेलही. मी कधी पाहिलं? मी फक्त थांबले. लिंबू आता पुढे-मागे हलत होतं, रस्त्याप्रमाणे.

घरी दुर्गाजी ओसरीवरच बसलेल्या होत्या, शाल लपेटून, उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही अशा. अण्णा आरामखुर्चीत, हातात बशी, बशीत चहा.

“लो, आ गई,” दुर्गाजी म्हणाल्या. “अब तो बताओगे, भानू के पिताजी?”

अण्णांनी बशी खाली ठेवली. चष्मा सारखा केला. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ नेहमीच्या वाक्यासाठी हलू लागले होते, भानूला विचारून... त्या बघण्यात काय आहे ते तिने पहिल्यांदाच वाचायचा प्रयत्न केला. वाचता आलं नाही.  पायातल्या चपला न काढताच ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“अण्णा, तुम्हाला जायचंय की राहायचंय ते तुम्ही सांगा, मी ऐकीन. पण मी पुण्याला येणार नाही. हे घर मी घेते आहे.”